वैमानिकाच्या झोपेचा लिलाव

मराठवाड्यातल्या आईला विमानाविषयी फारसे ठाऊक नसते. परंतु मोटारीविषयी तिला जे ठाऊक असते, ते आपल्या विमान कंपन्यांना आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला अद्याप उमगलेले नाही, असे मी म्हटले तर कोणी रागावू नये. पुण्याला नोकरीस असलेला मुलगा दिवाळीसाठी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघाला की ती फोनवर पहिला प्रश्न विचारते, "गाडीवर ड्रायव्हर दोन हायेत का रे?" तिकीट केवढ्याला पडले, गाडी थंडगार आहे की नाही, हे सारे मागाहून. रात्रभर गाडी हाकणारा माणूस दिवसा झोपला होता की नाही, ही तिची खरी काळजी. तिने शरीरशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसते. पण उसाचा हंगाम सुरू झाला की डोंगरकड्याच्या रस्त्याने रात्री-अपरात्री जाणारे ट्रॅक्टर आणि त्यांच्यावर डुलक्या काढणारे चालक तिने पाहिलेले असतात. तेवढे शास्त्र तिला पुरते.

तोच मुलगा पुढे साहेब होतो आणि विमानाने येऊ लागतो. मग मात्र हा प्रश्न कोणी विचारीत नाही. विमान म्हणजे जणू पुष्पक! त्याला चालवणारा हाडामांसाचा माणूस असतो, त्याला पोटपाणी असते, घरचे हप्ते असतात, वरिष्ठांची भीती असते आणि पहाटे तीन वाजता त्याच्याही पापण्या जड होतात, हे आपल्या ध्यानातच येत नाही. आपल्याला दिसते ती फक्त टोपी आणि बाहीवरच्या सोनेरी पट्ट्या.

माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, खेड्यातल्या शाळेत मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवणाऱ्या आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने विमानाच्या भानगडीत नाक का खुपसावे, असे शहाणे लोक विचारतील. त्यांना माझे उत्तर एवढेच की, विमान कसे उडते हे मला समजत नाही हे खरे. परंतु माणूस कसा पेंगतो हे मला उत्तम समजते. मधल्या सुट्टीत जेवण झाल्यानंतरचा पहिला तास घेणाऱ्या प्रत्येक मास्तराला ते समजते. आणि आज मला जे सांगावयाचे आहे ते उड्डाणाविषयी नसून पेंगण्याविषयीच आहे. वैमानिकाची विश्रांती ही प्रवाशांची ठेव आहे. ती कंपनीने आपल्या नफ्यात घालू नये, सरकारने गर्दी पांगवण्यासाठी वाटू नये आणि वैमानिकांच्या संघटनांनीही ती पगाराच्या घासाघिशीत खर्चू नये. आज हे तिघेही या ठेवीला हात घालीत आहेत, आणि ठेवीदार मात्र खिडकीजवळच्या जागेसाठी भांडण्यात दंग आहे.

डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा आठवून पाहा. लग्नसराई ऐन भरात होती. देशांतल्या देशांत विमानाने फिरणाऱ्या प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवाशांची ने-आण करणारी इंडिगो ही कंपनी एकाएकी कोलमडली. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत तिची २,५०७ उड्डाणे रद्द झाली, १,८५२ उड्डाणे रखडली आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकून पडले. विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले. म्हातारी माणसे फरशीवर पथारी टाकून बसली. हुबळीला एका लग्नाच्या स्वागत समारंभाला खुद्द नवरा-नवरीच पोचू शकली नाहीत. पाहुण्यांनी त्यांना पडद्यावर पाहून अक्षता-आशीर्वाद दिले.

आता याचे कारण काय? वादळ नव्हते, युद्ध नव्हते, वैमानिकांचा संपही नव्हता. कारण एवढेच की, वैमानिकांना थोडी अधिक झोप मिळावी असा नियम लागू झाला होता!

हा नियम काही रातोरात आला नव्हता. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तो जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केला होता. आठवड्याची सलग विश्रांती पूर्वी ३६ तासांची होती, ती ४८ तासांची करावी. कामाच्या हिशेबात रात्र पहाटे पाचला संपत असे, ती सहाला संपावी. आणि रात्रीच्या पाळीत एका वैमानिकाने सहा वेळा विमान उतरवण्याची जी मुभा होती, ती दोनवर आणावी, असे त्यातले मुख्य मुद्दे. हे १ जून २०२४ पासून अमलात यावयाचे होते. कंपन्यांनी हरकत घेतली, मुदत टळली. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. अखेर काही कलमे १ जुलै २०२५ पासून आणि उरलेली १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. म्हणजे जाहीर झाल्यापासून जवळजवळ बावीस महिने मिळाले. आमच्याकडे एवढ्या काळात उसाची लावण तुटून खोडवाही तोडीला येतो. एवढ्या अवधीत ज्या कंपनीला आपले वैमानिक किती आणि आपली उड्डाणे किती, ही इयत्ता चौथीची वजाबाकी करता आली नाही, तिला अडाणी म्हणावे की धूर्त? कारण गणित चुकले तरी नुकसान कोणाचे व्हावयाचे, हे तिला पक्के ठाऊक होते. गर्दी प्रवाशांची होणार, शिव्या खिडकीवरच्या पोरीला पडणार आणि धावपळ सरकारची होणार!

झालेही तसेच. पुढे जानेवारी २०२६ मध्ये महासंचालनालयाने या कंपनीला २२ कोटी २० लाख रुपये दंड ठोठावला, आणि माणसे व विमाने यांचा वापर काठोकाठ ताणल्याचा ठपका ठेवला, हे खरे. परंतु ऐन गोंधळात, ५ डिसेंबरला, याच खात्याने काय केले ते पाहा. रात्रीच्या कामाविषयीचे नवे निर्बंध या कंपनीपुरते १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सैल केले. आणि त्याच दिवशी सर्वच कंपन्यांसाठी एक वाक्य मागे घेतले. ते वाक्य असे की, वैमानिकाने घेतलेली रजा त्याच्या साप्ताहिक विश्रांतीच्या हिशेबात धरता येणार नाही.

हे एक वाक्य म्हणजे काय, ते शाळेच्या भाषेत सांगतो. समजा, एखाद्या गुरुजींनी सासऱ्यांच्या तेराव्यासाठी मंगळवार-बुधवार किरकोळ रजा घेतली. दोन दिवस गावोगावची माणसे, पंगती, जागरण. गुरुवारी ते शाळेत हजर झाले. शनिवारी हेडमास्तर म्हणाले, "गुरुजी, या आठवड्यात तुमची दोन दिवस विश्रांती झालेली आहे, सबब उद्याचा रविवार तुम्हांला नाही." या हेडमास्तरांना गावाने काय म्हटले असते? रजा ही माणसाच्या अडचणीसाठी असते आणि रविवार त्याच्या शरीरासाठी असतो, हे गावातल्या गुराख्यालाही कळते. मास्तर पेंगला तर फार तर एक उदाहरण चुकते. ते खोडरबराने पुसता येते. हाच हिशेब ज्याच्या हातात एकशे ऐंशी माणसे आहेत त्याला लावावयाचा की नाही, याचा विचार मात्र प्रवाशांची गर्दी दारात उभी असताना घाईघाईने होतो!

आणि हा रविवार तरी काय आकाशातून पडला होता? मुंबईच्या गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राबणाऱ्या मजुरांना आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळावा, म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे सभा घेतल्या, अर्ज केले, मालकांचे उंबरठे झिजवले. महात्मा फुल्यांचे हे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ज्या शहरात हा हक्क मजुराने मिळवला, त्याच शहराच्या विमानतळांवरून उडणाऱ्या माणसाचा साप्ताहिक विसावा १३५ वर्षांनी पुन्हा हिशेबाच्या वहीत चढतो, याला प्रगती म्हणावयाचे काय? गिरणीमजुराचा रविवार त्याच्यापुरता आणि त्याच्या मुलाबाळांपुरता होता. वैमानिकाचा रविवार त्याच्या पाठीमागे बसलेल्या प्रत्येकाचा आहे. आपल्या एस.टी.च्या ड्रायव्हरलादेखील १९६१ च्या मोटार कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची सर्वसाधारण मर्यादा घालून दिली होती. जमिनीवरच्या चार चाकांसाठी जे शहाणपण आपल्याला साठ वर्षांपूर्वी सुचले, ते तीस हजार फुटांवर गेल्यावर विरळ का व्हावे?

कोणी म्हणेल, ही सारी कल्पनेची भुते आहेत. थोडी झोप कमी झाली म्हणून विमान पडत नाही. या सद्गृहस्थांनी दोन सरकारी अहवाल नजरेखालून घालावेत.

पहिला मंगळूरचा. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पहाटे सहाच्या सुमारास मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवर उतरले ते थांबलेच नाही. १५८ माणसे गेली, ८ वाचली. या अपघाताच्या चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष एअर मार्शल भूषण गोखले हे आपलेच मराठी गृहस्थ. वैमानिक-कक्षातल्या ध्वनिमुद्रणात त्यांच्या मंडळाला काय ऐकू आले? मुख्य वैमानिकाच्या झोपेचा आवाज! दोन तासांच्या त्या ध्वनिमुद्रणात तो दीड तासाहून अधिक काळ झोपलेला होता. झोपेतून उठलेल्या माणसाचे डोळे उघडतात, पण बुद्धी मागाहून उठते. त्या अर्धवट अवस्थेत त्याने चुकीच्या उंचीवरून विमान खाली आणले. शेजारच्या साहाय्यकाने तीनदा सांगितले की उतरू नका, पुन्हा वर घ्या. तीनदा! आणि ज्या वेळी हे घडले, ती पहाटेची वेळ म्हणजे दोन ते सहा. याच वेळात माणसाचे शरीर सर्वांत मंद असते, असे विमानशास्त्र सांगते. आमच्या शेतकऱ्याला ते विमानशास्त्राच्या आधीपासून ठाऊक आहे. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला गेलेल्या माणसाचा पाय याच वेळी बांधावरून घसरतो.

दुसरा अहवाल कोळिकोडचा. ७ ऑगस्ट २०२०. कोरोनामुळे परदेशांत अडकलेल्या माणसांना घरी आणण्याची 'वंदे भारत' मोहीम चालू होती. दुबईहून १९० माणसे घेऊन आलेले विमान भर पावसात कोळिकोडला उतरले आणि धावपट्टी ओलांडून उतारावरून कोसळले. २१ जण मृत्यू पावले. मुख्य वैमानिक होते विंग कमांडर दीपक साठे. आईवडील नागपूरचे, वायुदलाच्या अकादमीत मानाची तलवार मिळवलेले, हजारो तासांचा अनुभव गाठीशी असलेले. त्यांचा उल्लेख करताना मराठी माणसाची मान आदराने लवते. तरीही अहवाल जे सांगतो ते लपवून त्यांचा सन्मान होणार नाही. पहिल्या प्रयत्नात त्यांच्या समोरच्या काचेचा वायपर बंद पडला. दुसऱ्या वेळी पाठीवरून वारा असताना विमान ठरलेल्या जागेच्या फार पुढे, धावपट्टी निम्मी सरल्यावर टेकले. साहाय्यकाने वर घेण्यास सुचवले होते. दुसरीकडे जाण्यापुरते इंधनही होते. चूक वैमानिकाची झाली, असे अहवालाने स्पष्ट लिहिले आहे.

परंतु अहवाल तेथेच थांबत नाही, आणि आपणही थांबू नये. हा कसलेला माणूस कोळिकोडलाच उतरण्याचा हट्ट का धरून बसला? कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तेथूनच एक उड्डाण त्यांना न्यावयाचे होते. दुसऱ्या गावी उतरले असते तर विश्रांतीच्या नियमामुळे ते सकाळचे उड्डाण अडले असते. मग दुसरा कॅप्टन नव्हता काय? अहवालातला आकडा वाचून माझ्यासारख्या गणिताच्या मास्तराचा खडू हातातून गळून पडला. कोळिकोडच्या तळावर साहाय्यक वैमानिक नेमलेले होते २६, आणि कॅप्टन होता १! कंपनीच्या नेमणुकीच्या धोरणातला हा दोष आहे, असे चौकशी करणाऱ्यांनीच लिहून ठेवले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे. कंपनीचा दबाव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो टेबलावर मूठ आपटणारा, धमक्या देणारा मॅनेजर. तसा मॅनेजर असता तर बरे झाले असते. त्याच्याशी भांडता आले असते. खरा दबाव बोलत नाही. तो तक्त्यात असतो. सकाळच्या उड्डाणाला पर्याय नाही, हे ज्याला ठाऊक आहे अशा कर्तव्यनिष्ठ माणसाला कोणी काही सांगावेच लागत नाही. माणसे कमी ठेवावयाची, आणि उरलेल्यांच्या कर्तव्यबुद्धीवर गाडा ओढावयाचा, ही युक्ती आपल्या देशात नवी नाही. दवाखान्यातली परिचारिका, रेल्वेचा गार्ड, दोन वर्ग एकत्र बसवून शिकवणारा मास्तर, सारे या युक्तीचे बैल आहेत. फरक एवढाच की, या बैलाला ठेच लागली तर गाडीतला एकही माणूस उतरून बाजूला होऊ शकत नाही.

नियमात एक पळवाटही ठेवलेली आहे. अनपेक्षित अडचण आली तर मुख्य वैमानिक आपल्या मर्जीने कामाचे तास काही प्रमाणात वाढवू शकतो. 'मर्जी' हा शब्द किती गोड! पण ही मर्जी कोणाची? ज्याने शिक्षणासाठी लाखो रुपयांचे कर्ज डोक्यावर घेतले आहे, ज्याचा पुढचा महिन्याचा तक्ता कंपनीच्या हातात आहे, आणि ज्याला नोकरी सोडावयाची झाली तर २०१७ च्या सरकारी नियमाप्रमाणे कॅप्टन असल्यास एक वर्ष आणि साहाय्यक असल्यास सहा महिने आधी सूचना द्यावी लागते, त्याची! सालगड्याचा करारही आमच्याकडे पाडव्याला संपतो आणि पटले नाही तर तो दुसऱ्या दारी जातो. अशा माणसाच्या मर्जीवर सुरक्षितता टांगून ठेवणे म्हणजे दोर धन्याच्या हातात देऊन बैलाला 'तुला वाटेल तिकडे जा' म्हणण्यासारखे आहे.

आणखी एक गंमत पाहा. उड्डाणापूर्वी वैमानिकाला नळीत फुंकावयास लावतात. दारूचा वास जरी आला तरी त्याला विमानाजवळ फिरकू देत नाहीत. हे योग्यच आहे. परंतु सतरा तास जागा असलेल्या माणसाचे हात आणि बुद्धी, दारू प्यालेल्या माणसाइतकीच मंदावतात, असे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ सालीच प्रयोगाने दाखवून दिले आहे. दारूसाठी नळी आहे. झोपेसाठी नळी नाही. झोपेचा पुरावा एकच, वैमानिकाचा शब्द. "मी थकलो आहे, आज मी विमान नेणार नाही," हा शब्द त्याला न भिता उच्चारता आला पाहिजे आणि ऐकणाऱ्याने तो खरा मानला पाहिजे. साऱ्या सुरक्षिततेचा डोलारा या एका शब्दावर उभा आहे.

म्हणूनच आता दोन शब्द वैमानिकांनाही सुनावले पाहिजेत. त्यांची बाजू घेतली म्हणजे त्यांची आरती ओवाळावयाची, असा करार मी केलेला नाही.

२००९ मध्ये मुंबईच्या जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना उभारली, म्हणून कंपनीने त्यांच्यातल्या काहींना कामावरून काढले. हा अन्याय होता. संघटना करणे हा गुन्हा नव्हे. पण वैमानिकांनी उत्तर काय दिले? शेकडो जण एकाच दिवशी आजारी पडले! पाच दिवस ही साथ टिकली आणि तडजोड होताच सारे एकदम ठणठणीत बरे झाले. लोक हसले, चिडले आणि विसरले. परंतु त्या पाच दिवसांत एक फार मोलाची वस्तू फुटली. 'आजारी' आणि 'थकलेला' हे वैमानिकाच्या भात्यातले ब्रह्मास्त्र. ते त्यांनी पत्त्याच्या डावात हुकमासारखे टाकले. आता एखादा तरुण कॅप्टन रात्री अकराला खरोखरच डोळे उघडत नाहीत म्हणून फोन करील, तेव्हा पलीकडचा माणूस मनात म्हणेल, "आला यांचा ताप!" लांडगा आला रे आला ही गोष्ट आम्ही दुसरीत शिकवतो. ती वैमानिकांच्या परीक्षेतही ठेवावी.

संप करावयाचा तर उघड्या माथ्याने करावा, मागणी सांगून, नोटीस देऊन करावा. आणि मागणी कोणती, याचाही विचार करावा. २०१२ साली एअर इंडियाच्या वैमानिकांचा संप ५८ दिवस चालला. वादाचे मूळ काय? नवीन ड्रीमलायनर विमानाचे शिक्षण विलीन झालेल्या दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांना द्यावे की नाही! बढतीचा प्रश्न क्षुद्र नसतो, हे मी मानतो. पण ५८ दिवस विमाने जमिनीवर ठेवण्याचे बळ ज्यांच्यापाशी होते, त्यांनी ते बळ रात्रीच्या पाळीसाठी वापरले असते, तर आज देशाची सहानुभूती त्यांच्या पायांशी असती.

याच्या उलट चित्रही याच मुंबईने पाहिले. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली, त्याआधी तिच्या वैमानिकांना महिनोन् महिने पगार नव्हता. त्यांच्या संघटनेने काम थांबवण्याची तारीख दिली आणि कंपनी वाचावी म्हणून ती पुढे ढकलली. पुन्हा दिली, पुन्हा ढकलली. लोक त्यांच्या सहनशीलतेचे कौतुक करीत होते. मला मात्र ते वाचून धडकी भरत होती. मुलाची फी थकलेली, घराचा हप्ता बुडालेला, आणि तो माणूस शंभर-दीडशे जिवांना घेऊन ढगांत शिरतो आहे! जो बिनपगारी उडतो त्याची निष्ठा मोठी खरी, पण त्याच्या डोक्यातला गोंगाट त्याहून मोठा असतो. नागरी विमान वाहतुकीचा परवाना देणाऱ्या सरकारने, पगार थकला की उड्डाणे कमी, असा साधा नियम का करू नये?

आता नेहमीच्या दोन आक्षेपांचा समाचार घेऊ. पहिला आक्षेप पगाराचा. "महिन्याला लाखो रुपये घेतात, थोडे जागले तर काय बिघडले?" जणू झोप ही किराणा मालाच्या दुकानात मिळते आणि जास्त पैसे टाकले की जास्त तोलून देतात! पगार हा कौशल्याचा आणि जबाबदारीचा मोबदला आहे. शरीराला पगाराची पावती वाचता येत नाही. ते कॅप्टनचे असो की ट्रॅक्टरवाल्याचे, पहाटे तीन वाजता सारखेच मिटते.

दुसरा आक्षेप भाड्याचा. अधिक वैमानिक ठेवले तर तिकीट महागेल. महागेलही, मी नाही म्हणत नाही. पण आजच्या स्वस्त तिकिटाचा हिशेब तरी पुरा मांडा. त्या स्वस्ताईतला काही भाग कुणाच्या तरी अपुऱ्या झोपेतून कापून घेतलेला आहे, आणि डिसेंबरात ज्यांनी दुप्पट-तिप्पट भाडे मोजले, हॉटेलात रात्री काढल्या, मुहूर्त गमावले, त्यांनी तो भाग व्याजासकट परत भरला. काठोकाठ भरलेला हंडा डोक्यावर घेऊन पळणाऱ्या बाईला वाटेत खडा लागला की पाणी सांडणारच. दोष खड्याला देऊन काय उपयोग?

केवळ कागदावर कडक नियम असून भागत नाही, हेही जगाने एकदा फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या ताब्यातील तेनेरिफे बेटावर दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. धुक्यात परवानगीवाचून निघालेल्या डच कॅप्टनच्या मनात एक घाई होती. त्याच्या कामाचे तास संपत आले होते आणि आणखी उशीर झाला असता तर नियमाने त्याला तेथेच अडकून पडावे लागले असते. नियम होता, पण सुटकेची दुसरी वाट मनाला दिसत नव्हती. मग विश्रांतीच्या नियमानेच घाई निर्माण केली. म्हणजे तासांची मर्यादा आणि राखीव माणसे ही जोडी आहे. एकीवाचून दुसरी लंगडी.

तेव्हा करावयाचे काय, हे मोघम न ठेवता सांगतो. कंपनीने उड्डाणांचे वेळापत्रक मंजुरीसाठी आणले की सरकारने तिच्याकडे वैमानिकांची हजेरी मागावी. राखीव माणसे धरून जेवढी उड्डाणे बसतील तेवढीच मंजूर करावी, एकही अधिक नाही. विश्रांतीच्या नियमात गर्दी पाहून सूट देण्याचा अधिकार खात्याने स्वतःहून सोडून द्यावा. गर्दी झाली तर भाड्यावर मर्यादा घाला, जादा रेल्वेगाड्या सोडा, दंड करा, पण झोपेला हात लावू नका. थकव्याची तक्रार करणाऱ्या वैमानिकाचे नाव कंपनीबाहेरच्या स्वतंत्र मंडळाकडे राहावे आणि अशा तक्रारी किती आल्या, किती नाकारल्या, याचा आकडा दर तीन महिन्यांनी लोकांपुढे यावा. शाळेचा निकाल फळ्यावर लागतो. कंपनीचा का लागू नये? आणि वैमानिकांच्या संघटनांनी जाहीर शपथ घ्यावी की, 'आजारी' हा शब्द आम्ही पगारासाठी कधीही उच्चारणार नाही. ही शपथ त्यांनी घेतली, तर त्यांच्या रास्त संपाच्या वेळी अडकून पडण्याचा त्रास आपणही थोडा समजुतीने सोसू.

राहता राहिलो आपण, ठेवीदार. आपला दोषही लहान नाही. विमान वेळेवर सुटले की आपण कंपनीची वाहवा करतो. वैमानिकाचे तास संपले म्हणून सुटले नाही, की समोरच्या विशीतल्या मुलीवर तुटून पडतो. "मग तुमचा पायलट काय झोपा काढतोय?" असे कोणी तरी ओरडतोच, आणि बाकीचे माना डोलावतात. त्या मुलीच्या हातात काही नसते, आणि तो पायलट खरोखर झोपायला गेला असेल, तर त्याने आपल्यावर उपकारच केलेले असतात. जाब विचारावयाचा तो कंपनीला, आणि असा विचारावयाचा : "याच्या जागी उभा राहणारा दुसरा माणूस तुम्ही का ठेवला नाही?" हा प्रश्न लेखी विचारा, खात्याला पाठवा, आपल्या खासदाराच्या हातात द्या.

यंदाच्या दिवाळीत अनेक घरी कोणी ना कोणी विमानाने आलेले असेल. फराळाचे ताट पुढे करताना त्याला भाडे किती पडले, हे जरूर विचारा. पण विमान तीन तास उशिरा आले असे तो कुरकुरत सांगू लागला आणि नवीन वैमानिक येईपर्यंत थांबवले होते असे त्याच्या बोलण्यात आले, तर त्याची कीव करू नका. त्याला आणखी एक करंजी वाढा आणि सांगा की, बाबा, तुझ्या ठेवीतली रक्कम आज कोणी तरी इमानाने परत केली.